वजनगटासाठी उपाशी पोरं: पांढुर्णा-सौंसरच्या मैदानांवरचा न दिसणारा आजार

विश्लेषण

पोळा झाला, गोटमार झाली, दिवाळी उरकली की आपल्या भागातली मैदानं जागी होतात. पांढुर्णा, सौंसर, मोहगाव, लोधीखेडा आणि सीमेपलीकडे नरखेड, काटोल, सावनेर, वरुड अशा सगळ्या पट्ट्यात कबड्डीचे आणि कुस्तीचे फलक लागतात. फलकावर बक्षिसाची रक्कम मोठ्या अक्षरात असते आणि तिच्या खाली वजनगट. ५५ किलो, ६५ किलो, खुला गट. हा वजनगटाचा आकडा दिसला की गावोगावी काही पोरांच्या घरातलं ताट हलकं होतं. दोन पोळ्यांची एक होते, भात बंद होतो, शेवटच्या दोन दिवसांत पाणीही मोजून प्यायलं जातं. आई विचारते, "काऊन रे, जेवला नाही का?" पोरगं म्हणतं, "वजन द्यायचं आहे."

या उत्तरावर घरात कुणी पुढे काही बोलत नाही, कारण उत्तर शिस्तीचं वाटतं. पोरगी जेवण सोडते तेव्हा आई-बाप घाबरतात, निदान चार प्रश्न तरी विचारतात. पोरानं सोडलं तर शेजारीपाजारी कौतुक करतात, "पोरगं खेळासाठी किती करते पहा." खाण्याचे विकार म्हणजे शहरातल्या, श्रीमंत घरातल्या, बारीक व्हायला निघालेल्या मुलींचा आजार, अशी आपली समजूत पक्की आहे. ती चुकीची आहे आणि तिची किंमत खेळणारी पोरं मोजतात.

एकच गोष्ट, दोन निकाल

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधले दोन दिवस आठवा. ७ ऑगस्टला विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीआधी १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. सगळा देश हळहळला. दोनच दिवसांनी, ९ ऑगस्टला, अमन सेहरावतनं ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकलं. आदल्या दिवशी उपांत्य फेरी हरल्यावर त्याचं वजन साडेएकसष्ट किलोच्या घरात गेलं होतं. मॅटवरचा सराव, गरम पाण्याची आंघोळ, ट्रेडमिल, सौना असं रात्रभर करत त्यानं आणि त्याच्या प्रशिक्षकांनी १० तासांत सुमारे ४.६ किलो वजन उतरवलं. सकाळी काट्यानं होकार दिला. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत ४.६ किलोचा तो आकडा अभिमानानं छापला गेला.

दोघांनी रात्रभर केलं ते जवळपास सारखंच होतं. एकीचं शरीर १०० ग्रॅमनं कमी पडलं, दुसऱ्याचं पुरलं. आपण मात्र एकीच्या बाबतीत चूक कुणाची ते शोधत बसलो आणि दुसऱ्याच्या बाबतीत जिद्दीचे गोडवे गायले. वर्षभरानं, सप्टेंबर २०२५ मध्ये, झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत तोच अमन १.७ किलो जास्त भरला आणि एकही कुस्ती न खेळता बाहेर पडला. कुस्ती महासंघानं त्याच्यावर एक वर्षाची बंदी घातली आणि काही आठवड्यांनी ती उठवली. आदल्या वर्षीची 'जिद्द' आता 'बेशिस्त' झाली होती.

पॅरिसमध्ये ५७ किलोचं सुवर्ण मिळवणाऱ्या जपानच्या रेई हिगुचीनंही हे भोगलेलं आहे. टोकियो ऑलिम्पिकसाठीच्या २०२१ च्या आशियाई पात्रता स्पर्धेत तो ५० ग्रॅमनं बाद झाला होता. म्हणजे जगातला सर्वोत्तम मल्लही याच सुरीच्या धारेवर चालतो. त्याच्या मागे निदान डॉक्टर, आहारतज्ज्ञ, फिजिओ असा ताफा असतो. आपल्या पोरामागे असतो उस्ताद, एक मोबाइल आणि त्या मोबाइलवरचे व्हिडिओ.

५७ किलो हा आकडा मराठी माणसाला नवा नाही. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक जिंकलं ते ५७ किलोच्या बँटमवेट गटात. रवी दहियाचं टोकियोतलं रौप्यही ५७ किलोचंच. हलक्या वजनात आपली माणसं चमकली, हे खरं. त्यातून "खाली उतरलं की पदक सोपं" असा धडा मात्र काढता येत नाही. तो धडा आपल्या तालमींत काढला जातो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

दोन दिवसांत उतरतं ते काय असतं

हिशोब साधा आहे. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. ५८ किलोचं पोरगं दिवसभर पळालं, घाम गाळला आणि काही खाल्लं नाही तरी दिवसाला इतकी ऊर्जा जळत नाही. मग शनिवार-रविवारच्या स्पर्धेसाठी गुरुवारपासून तीन किलो उतरले ते कुठून? बहुतेक पाणी. थोडं स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, थोडं आतड्यातलं अन्न. चरबी जेमतेम. म्हणून वजन दिल्यावर दोन बाटल्या पाणी आणि पोटभर जेवण झालं की संध्याकाळपर्यंत काटा पुन्हा वर जातो.

पाणी उतरवायच्या युक्त्या आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहेत. अंगात प्लास्टिकचा सूट, त्यावर स्वेटर, वर जॅकेट घालून धावणं. दारं-खिडक्या बंद करून दोरीउड्या. दिवसभर थुंकत राहणं. जुलाबाच्या गोळ्या. आणि त्याहून वाईट म्हणजे लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. या शेवटच्या गोळ्या डॉक्टर हृदयाच्या आणि किडनीच्या रुग्णाला मोजून देतात. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत त्या कायम बंदी असलेल्या औषधांत मोडतात. म्हणजे गावच्या स्पर्धेत लागलेली सवय पोरगं पुढे राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर गेल्यावर त्याला थेट निलंबनाच्या दारात नेऊ शकते.

शरीराचं होतं ते असं. वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं की दम आणि लक्ष दोन्ही घटू लागतात. त्याहून जास्त गेलं की रक्त दाट होतं, हृदयाला जोर लावावा लागतो, किडनीवर ताण येतो. उलट्या-जुलाबांत पोटॅशियम उतरलं तर हृदयाचे ठोके चुकतात. आपल्या भागात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. अशा दिवसांत प्लास्टिक घालून धावणं हा विस्तवाशी खेळ आहे.

हे भय कागदावरचं नाही. १९९७ साली अमेरिकेत जेमतेम महिनाभरात तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर मेले. तिघेही तरुण, तिघेही स्पर्धेआधी वजन उतरवत होते. खाणं-पाणी तोडलेलं, घाम न सुकू देणारा सूट अंगात, गरम जागेत व्यायाम. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेनं नियम बदलले. सौना, रबरी सूट, जुलाबाच्या आणि लघवीच्या गोळ्या यांवर बंदी आली. हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येक मल्लाचं किमान वजन ठरवायचं, ते ठरवताना अंगात पाणी पुरेसं आहे ना हे तपासायचं, चरबी पाच टक्क्यांखाली जाऊ द्यायची नाही आणि आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त वजन उतरवायचं नाही, असं ठरलं. कुस्ती चालूच राहिली, पदकंही येत राहिली. नियमानं खेळ मरत नाही, हा यातला धडा.

सवय आजार कधी होते

वजन उतरवणारं प्रत्येक पोरगं आजारी नसतं. बहुतेक जण हंगाम संपला की जेवणावर येतात. पण काहींचं गाडं तिथून परत येत नाही. का येत नाही, याचं एक उत्तर ऐंशी वर्षांपूर्वीच मिळालं आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुण पुरुषांना सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आलं. ते स्वखुशीनं आले होते आणि शरीर-मनानं ठणठणीत होते. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शानं घटलं. पण लक्षात राहण्याजोगं होतं त्यांच्या मनाचं. ते दिवसभर फक्त अन्नाबद्दल बोलू लागले. पाककृतींची पुस्तकं वाचू लागले. ताटातला घास तुकडे-तुकडे करून तासभर चघळू लागले. चिडचिड, उदासी, एकटेपणा वाढला. आणि पुन्हा भरपूर अन्न मिळायला लागल्यावरही कित्येकांना पोट भरल्याची जाणीवच होईना. पोट फुटेस्तोवर खाऊनही भूक तशीच.

म्हणजे आधी मन बिघडतं आणि मग माणूस खाणं सोडतो, एवढंच खरं नाही. आधी खाणं सुटतं आणि त्यामुळे मन बिघडतं, हेही तितकंच खरं. पुरुषांच्या बाबतीतही खरं. आता हे आपल्या पोराला लावून पाहा. आठ दिवस अर्धपोटी, वजन दिलं, मग रात्री सामने संपल्यावर तर्री-पोहे, आलूबोंडे, सावजी, जे समोर येईल ते. मग पोट जड, मन खंतावलेलं, पुढच्या रविवारचा काटा डोळ्यासमोर. घशात बोट घालून ओकून टाकायची कल्पना इथे सुचते. एकदा जमली की पुन्हा सुचते. भरपेट खाणं, ओकणं, उपाशी राहणं आणि पुन्हा भरपेट खाणं या चक्राला डॉक्टर बुलिमिया म्हणतात. खाणं तोडत-तोडत वजन धोक्याच्या खाली नेणं आणि तरीही आपण जाडच आहोत असं वाटत राहणं म्हणजे अॅनोरेक्सिया.

पुरुषांमध्ये आणखी एक प्रकार दिसतो, तो वरून उलटा वाटतो. शरीर भरलेलं असतं, दंड फुगलेले असतात, पण पोराला आरशात आपण काडीच दिसतो. मग दिवसाचे चार तास जिम, मोजून-मापून उकडलेली अंडी, डबाभर पावडर, कुणाच्या लग्नात जेवण नाही, पोळ्याला पुरणपोळी नाही. एक दिवस व्यायाम चुकला तर जीव कासावीस. याला मसल डिस्मॉर्फिया म्हणतात. आपल्या दोन्ही तालुक्यांच्या गावी आता जिम आहेत आणि मोबाइलवर 'कटिंग', 'बल्किंग' शिकवणारे गुरू फुकट आहेत. हा प्रकार ओळखायला अवघड जातो, कारण पोरगं तब्येतीनं राजासारखं दिसत असतं.

तिसरा गट भरतीवाल्यांचा. पहाटे चारला उठून रस्त्यावर धावणारी, अग्निवीर नाहीतर पोलीस भरतीची स्वप्नं पाहणारी पोरं दोन्ही राज्यांत आहेत. त्यांना वजनगट नसतो, पण "हलकं झालं की पळणं वाढते" हा मंत्र असतो. सकाळी धावणं, दिवसभर शेतात किंवा बोरगावच्या कारखान्यात काम, संध्याकाळी पुन्हा मैदान आणि खाणं मात्र पहिल्याएवढंच किंवा कमी. खर्च जास्त आणि जमा कमी, अशी शरीराची उधारी महिनोन् महिने चालते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली या अवस्थेला नाव दिलं आणि हा प्रश्न फक्त महिला खेळाडूंचा नाही, पुरुषांचाही आहे, हे लेखी मांडलं. ऊर्जा पुरत नसली की शरीर एकेक खातं बंद करतं. टेस्टोस्टेरॉन घटतं, इच्छा मंदावते, हाडं ठिसूळ होतात, वारंवार सर्दी-ताप येतो, झोप उडते. नडगीचं दुखणं महिनाभर थांबत नाही, तेव्हा आपण बुटाला दोष देतो. ते हाडाला गेलेली बारीक तडाही असू शकते आणि तिचं मूळ ताटात असू शकतं.

पुरुषांत दिसत का नाही

पहिलं कारण डॉक्टरांच्या पुस्तकातच होतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तकात २०१३ पर्यंत अॅनोरेक्सियाच्या निकषांमध्ये मासिक पाळी बंद होणं हाही एक निकष होता. ज्याला पाळीच येत नाही तो या व्याख्येत बसणार कसा? २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तो निकष काढला गेला. पुरुष रुग्ण त्याआधीही होतेच. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या सर्वेक्षणात आयुष्यात कधीतरी अॅनोरेक्सिया झालेल्या स्त्रिया ०.९ टक्के आणि पुरुष ०.३ टक्के निघाले. म्हणजे दर चार रुग्णांत एक पुरुष. नॉर्वेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अव्वल पुरुष खेळाडूंपैकी ८ टक्क्यांना खाण्याचा विकार आढळला. खेळाडू नसलेल्या पुरुषांत हेच प्रमाण अर्धा टक्का होतं. खेळ माणसाला निरोगी करतो, यात शंका नाही. पण वजनावर आणि दिसण्यावर चालणारा खेळ काहींना आजारीही करतो.

दुसरं कारण लाज. क्रिकेटवेड्या मराठी माणसाला अँड्र्यू फ्लिंटॉफ चांगला आठवतो. २००२ मध्ये वानखेडेवर जिंकल्यावर अंगातला शर्ट काढून मैदानभर धावणारा हा धिप्पाड इंग्रज. २०२० साली बीबीसीच्या माहितीपटात त्यानं सांगितलं की त्याला बुलिमिया आहे. कारकिर्दीच्या सुरुवातीच्या वर्षांत वृत्तपत्रांनी त्याच्या जाडीवर टोमणे मारले, आणि तेव्हापासून तो खाऊन ओकत आला. तो मैदानावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि हे कुणाला कळलं नाही. जर्मनीचा बाहने राबे १९८८ च्या सोल ऑलिम्पिकचा नौकानयनातला सुवर्णपदक विजेता. अॅनोरेक्सियानं खंगलेल्या अंगाला न्यूमोनिया झाला आणि २००१ साली, वयाच्या चाळिशीच्या आतच तो गेला. या मोठ्या माणसांना बोलायला किंवा मदत मागायला इतका वेळ लागत असेल, तर रामाकोन्याच्या किंवा तिगावच्या पोरानं कुणाला सांगायचं? मित्रांना सांगितलं तर हसतील. उस्तादाला सांगितलं तर संघातून बाहेर.

तिसरं कारण आपल्या संस्कृतीतलं. उपास आपल्याकडे पुण्याचा. शनिवारचा मारुतीचा उपास, श्रावण, नवरात्र. जाम सावळीच्या हनुमानावर या सगळ्या पट्ट्याची श्रद्धा आहे आणि पहिलवानाचा देवही तोच. श्रद्धेचा उपास हा आजार नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण आजार मात्र उपासाच्या आड सहज लपतो. "आज शनिवार आहे" म्हटलं की ताट कुणी पुढे करत नाही. शनिवारचा उपास सोमवारीही चालू राहिला, संध्याकाळी सोडतानाही पोरगं चार घास खाऊन उठू लागलं, तर तो देवासाठी आहे की काट्यासाठी, हे घरच्यांनी विचारलं पाहिजे.

चौथं कारण गरिबीचं. "अहो, इथे पोटभर मिळवायची मारामार, तुम्ही खाण्याचे विकार काय सांगता?" असा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. पण ज्या घरात आधीच जेमतेम शिजतं, तिथे पोरानं पोटाला चिमटा काढला तर तो समजूतदार ठरतो. त्याच्या अंगावर उतरवायला राखीव काही नसतं. भरल्या घरातल्या पोरापेक्षा त्याचं शरीर लवकर खचतं.

एकट्या उस्तादाच्या हातात नाही

इथे तालमींवर सगळं खापर फोडणं सोपं आहे, पण ते अर्धसत्य होईल. समजा एखाद्या उस्तादानं ठरवलं की माझी पोरं वजन तोडणार नाहीत, आहे त्या वजनात खेळतील. त्याचा ६० किलोचा पोरगा वरच्या गटात गेला, आणि समोर आला ६९ किलोचा गडी, जो चार किलो पाणी उतरवून ६५ मध्ये बसलाय. मार कुणी खायचा? म्हणजे प्रामाणिक राहिलं की नुकसान, असा हा डाव आहे. सगळे वजन तोडतात म्हणून प्रत्येकाला तोडावं लागतं आणि शेवटी कुणाचाच फायदा होत नाही. सगळेच चार किलो कमी पाण्यानं, तेवढ्याच फरकानं एकमेकांसमोर उभे राहतात.

अशा डावातून एकजण बाहेर पडू शकत नाही, सगळ्यांनी मिळूनच पडावं लागतं. म्हणजे नियम आयोजकांनी करायला हवेत. आणि आपल्या भागात तर ते दोन राज्यांतल्या आयोजकांनी मिळून करायला हवेत. पांढुर्णा ऑक्टोबर २०२३ मध्ये जिल्हा झाला, पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके छिंदवाड्यातून निघाले. कागदावर आपली पोरं भोपाळच्या क्रीडा खात्याची. पण खेळतात नरखेड-काटोललाही आणि तिकडची पोरं इकडे येतात. सौंसरनं नियम केला आणि सावनेरनं केला नाही, तर पोरगं एका रविवारी जेवून खेळेल आणि दुसऱ्या रविवारी उपाशी. आजाराला राज्याची सीमा नाही, तर नियमाला का असावी?

नियम कोणते, हेही अवघड नाही.

पहिला, वजन सामन्याच्या दिवशी सकाळी, मैदानावर, सगळ्यांसमोर घ्यायचं. आदल्या संध्याकाळी वजन घेतलं की रात्रभर खाऊन-पिऊन भरून निघायची सोय होते आणि मग आणखी पाणी तोडायचा मोह होतो. जागतिक कुस्ती संघटनेनं २०१८ पासून वजन सामन्याच्याच सकाळी घ्यायला सुरुवात केली, ती याचसाठी. पण पॅरिसनं दाखवलं की एवढ्यानं भागत नाही. म्हणून दुसरा नियम हवा.

दुसरा, हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक खेळाडूचं वजन तालमीच्या किंवा मंडळाच्या वहीत लिहायचं. तेही पोटभर जेवलेल्या, पाणी प्यायलेल्या अवस्थेतलं. त्या वजनापासून आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त उतरवलेलं पोरगं त्या स्पर्धेत खेळणार नाही. ५५ किलोच्या पोरासाठी दीड टक्का म्हणजे साधारण ८०० ग्रॅम. वही आणि काटा, एवढाच खर्च.

तिसरा, सतरा वर्षांखालच्या पोरांनी वजन उतरवायचंच नाही. या वयात अंग वाढतं, वजन वाढणं हेच निरोगी आहे. गेल्या वर्षीच्या गटात यंदाही बसायला लावणं म्हणजे वाढत्या झाडाला कुंडीत कोंबणं.

चौथा, प्लास्टिक सूट, जुलाबाच्या आणि लघवीच्या गोळ्या मैदानाच्या आवारात सापडल्या तर संघ बाद. एकट्या पोराला शिक्षा नको, संघाला हवी. मग मंडळच लक्ष ठेवेल.

घरानं आणि शाळेनं काय पाहायचं

चिन्हं डोळ्यांसमोर असतात, फक्त पाहावी लागतात. सगळ्यांसोबत बसून जेवणं टाळणं. जेवल्याबरोबर मोरीकडे किंवा बाहेर जाणं. दिवसातून अनेकदा काट्यावर उभं राहणं. बोटांच्या मागच्या सांध्यांवर घट्टे, गालाखाली सूज, दात झिजणं ही वारंवार ओकण्याची खूण असू शकते. थंडी जास्त वाजणं, चक्कर, नाडी मंद होणं. दुखापत असतानाही व्यायाम न थांबवणं. पूर्वी हसतं-खेळतं पोरगं गप्प होणं, चिडणं. यातलं एखादं चिन्ह कुणातही दिसेल, पण तीन-चार एकत्र दिसली आणि महिनाभर टिकली तर वाट पाहू नये.

बोलायचं कसं, हेही महत्त्वाचं. "खात का नाहीस" असं ओरडलं की पोरगं आणखी लपवतं. "तू बरा दिसत नाहीस, झोप होते का, काही त्रास आहे का" असं विचारावं. वजनावर, शरीरावर टोमणे थांबवावेत. "ढोल्या" नाहीतर "काडी पहिलवान" म्हणून हाक मारणं आपल्याकडे गंमतीत मोडतं. फ्लिंटॉफची गोष्ट अशाच गंमतीतून सुरू झाली.

मदतीचे रस्ते आहेत. छातीत धडधड, भोवळ, लघवी बंद होणं, ओकारीत रक्त असं काही झालं तर थेट दवाखान्यात न्यायचं आणि "वजन उतरवत होता" हे डॉक्टरांपासून लपवायचं नाही. लपवलं तर उपचार चुकतो. बऱ्याच दिवसांच्या उपाशी शरीराला एकदम भरपूर खाऊ घालणंही धोक्याचं असतं, रक्तातले क्षार अचानक कोसळतात, म्हणून तेही डॉक्टरच्या सल्ल्यानंच. दहा ते एकोणीस वयाच्या मुला-मुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे. त्यात पोषण आणि मानसिक आरोग्य दोन्ही येतात आणि तो मुलांसाठीही आहे. त्याची सल्ला केंद्रं मध्य प्रदेशात 'उमंग' आणि महाराष्ट्रात 'मैत्री' नावानं ओळखली जातात. खेळणारी पोरं तिथे क्वचितच पोहोचतात. पोहोचवायचं काम शाळेच्या पीटी सरांचं आहे. आणि १४४१६ हा टेलिमानसचा नंबर देशभर कुठूनही फुकट लागतो, चोवीस तास चालतो आणि भाषा निवडता येते. पांढुर्ण्यातून फोन लावणाऱ्याला आपलं दुखणं हिंदीत सांगावं लागत नाही, मराठीत सांगता येतं. मनातलं सांगायचं असतं तेव्हा हा फरक लहान नाही.

गोटमारीच्या दिवशी जामच्या काठावर ॲम्ब्युलन्स उभ्या असतात, डॉक्टर असतात, पोलीस असतात. कारण जखम दिसते, रक्त दिसतं. वर्षातून एका दिवसाच्या त्या जखमांसाठी सगळं प्रशासन राबतं. उपाशी पोराची जखम दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी कुणी उभं नसतं. निदान आयोजकांनी तरी उभं राहावं. यंदाच्या हंगामाचे फलक अजून छापायचे आहेत. बक्षिसाच्या रकमेखाली एक ओळ वाढवायला जागा नक्की आहे: वजन सामन्याच्या सकाळी घेतलं जाईल, आणि आठवड्यात दीड टक्क्याहून जास्त वजन उतरवलेल्या खेळाडूला खेळू दिलं जाणार नाही. सीमेच्या या बाजूला पहिला फलक कोणतं मंडळ लावतं आणि पलीकडे कोणतं, ते आम्ही नावानिशी छापू.